कोलवाळला नाही

म्हापशाच्या कोर्टातून गाडी बाहेर पडली
आणि सगुणनं सवयीनं उत्तरेकडचा इंडिकेटर दिला.
अकरा वर्षं हेच वळण;
गाडीलाच आता पाठ झालंय म्हणतो.
मी म्हटलं, सगुण, कोलवाळला नाही.
तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.
मागच्या बसवाल्यानं शिवीसारखा हॉर्न हाणला.

इनास दचकला नाही.
हॉर्न ही त्याचीच भाषा.
वीस वर्षं हळदोण्याच्या वाड्यांतून पहाटे
सायकलचा भोंगा दाबत फिरला,
मागं वेताची टोपली, निळं प्लास्टिक,
खाली उंडे, पोयो, काकणं,
अजून हाताला चटका देणारी.

मग तो रात्री दोनला येऊ लागला.
टोपली रिकामी.
सिमितरीच्या फाटकाशी उभा राहून भोंगा वाजवी,
म्हणे, ह्यांना कोणी पाव दिला नाही.

पहिल्यांदा दम देऊन सोडला.
दुसऱ्यांदा कानफटीत.
तिसऱ्यांदा शांतताभंग, चौदा दिवस.
चौथ्यांदा बेकरीची काच फुटली होती, महिना.
तो आत असला की गाव झोपायचा.
बाहेर येताना दर वेळी
त्याचा पट्टा एक भोक आत गेलेला असायचा.

पाचव्यांदा मी स्टेशन डायरीत एक ओळ जास्त लिहिली :
आरोपी झोपत नाही.
साहेब म्हणाले, डायरीत झोप लिहायची नसते.
मी खोडली नाही.

तीच ओळ आज कोर्टात पोचली.
कलमं वाचून झाल्यावर मॅडमनी चष्मा काढला.
इनास, झोपून किती रात्री झाल्या?
सरकारी वकील कागदांत उत्तर शोधू लागले.
इनास बोटांवर मोजू लागला.
दहा संपली तेव्हा
शेजारचा माझा हात धरून त्यानं
माझ्या बोटांवर पुढं मोजलं.
सोळा, म्हणाला.
आणि माझं एक बोट तसंच धरून ठेवलं.

माझा थोरला भाऊ शाबी
शनिवारी संध्याकाळी दारूत सापडला होता.
रविवारी हात थरथरू लागले,
लॉकअपच्या भिंतीवरून मुंग्या उतरताहेत म्हणाला.
ड्युटीवरचा म्हणाला, नाटक.
सोमवारी कोर्टाला सुट्टी होती.

भरती मी त्यानंतर झाले.
कोणी विचारलं तर पगारासाठी सांगते.

मांडवीच्या पुलावर इनासनं खाली पाहिलं.
भर दुपारी कॅसिनोच्या बोटीवर दिवे जळत होते.
हीं लोकां लेगीत न्हिदनात, बाय.
सगुण हसला. मग गप्प झाला.

बांबोळीला गेट लोखंडीच आहे.
कुलूपही आहे.
स्वर्ग बघितला असं काही मी सांगत नाही,
कॉरिडॉरात कोणीतरी एकच नाव घेऊन ओरडत होतं
आणि पंख्याचं एक पातं वाकडं होतं.
पण नर्स बाहेर आली, मनगटांकडे बघून म्हणाली,
आधी ते काढा, मला नाडी बघायचीय.

चावी माझ्याच खिशात होती.
तीन खिसे तपासले मी.

बेडीखाली त्याची कातडी पांढरी पडली होती,
पिठात बुडवून काढल्यासारखी.
आत जाताना तो वळला :
बाय, फाल्यां पाव कोण व्हरतलो?
मला माहीत नव्हतं.
विचारते म्हटलं.

परतताना मागचं बाक रिकामं खडखडत होतं.
पर्वरीच्या चढणीवर सगुण म्हणाला,
लॉगबुकात आज किलोमीटर जास्त भरतायत,
कारण काय लिहू?
वही घेऊन मीच लिहिलं : झोप.

साहेब खोडतील बहुतेक.
पेननं लिहिलंय, दाबून.
मागच्या पानावरही उमटलंय.